पत्रा लावला, पण गरमी गेली कुठे?

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी साडेसहानंतर एक चक्कर मारून बघा. एखाद्या तरी गाडीचे बॉनेट उघडे असते. चार डोकी आत वाकलेली, एक जण मोबाईलचा टॉर्च धरून उभा, आणि ज्याचा त्या गाडीशी काडीचाही संबंध नाही असा पाचवा मेंबर बाजूला उभा राहून सल्ले देत असतो. त्या सल्ल्याचा शेवट ठरलेला असतो, "काही होत नाही रे, लाव तू!"

गेल्या वर्षी तो पाचवा मेंबर मी होतो. म्हणून हा लेख.

विषय तसा छोटा आहे. छोट्या गाडीच्या टर्बोवर बाहेरून विकत आणलेले हीट शील्ड बसवणे. आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी पाऊस, मैत्री आणि मेसची आमटी यांवर भरपूर लिहून येते, तेव्हा एका पत्र्यावर चार पाने खर्च झाली तर संपादक मंडळाची हरकत नसावी. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हीट शील्ड लावण्याला माझा विरोध नाही. न मोजता, कोणाला न विचारता, रात्रीच्या अंधारात लावण्याला आहे. आणि ते तसे लावले जाते याला आपण जबाबदार आहोतच, पण चार वाजता कुलूप लागणारे आपले वर्कशॉपही थोडे जबाबदार आहे.

खडखड

गाडी माझ्या रूममेटची. विंगेत सगळे त्याला 'शेठ' म्हणतात, कारण महिनाअखेरीसही त्याच्याकडे वडापावचे पैसे असतात. गाडी म्हणजे वडिलांनी दहा-बारा वर्षे चालवून मग मुलाला दिलेली डिझेल हॅचबॅक, सव्वा लिटरच्या आसपासचे इंजिन, छोटासा टर्बो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि बऱ्याच छोट्या गाड्यांतून डिझेल इंजिन गेले, पण वडिलांकडून मुलाकडे आलेल्या अशा जुन्या गाड्या प्रत्येक कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसतातच.

या गाडीला दोन हजार आरपीएमच्या जवळ गेले की खर्रर्र असा आवाज यायचा. गॅरेजच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडले, टर्बोवरचा गंजलेला पत्रा हाताने हलवून दाखवला आणि म्हणाले, "दोन बोल्ट तुटलेत याचे. काढून टाकू का? पत्राच आहे, काय काम याचं?" शेठने मान डोलावली. पत्रा गेला, आवाज गेला, आम्ही खूश.

महिना-दीड महिन्याने एअर फिल्टर साफ करताना शेठच्या हाताला टर्बोजवळून जाणाऱ्या वायरिंगची काळी प्लॅस्टिकची नळी लागली आणि तिचा पापडासारखा चुरा झाला. शेजारचा रबरी व्हॅक्यूम पाइपही वाळक्या काडीसारखा कडक झालेला. तेव्हा कुठे लक्षात आले की तो पत्रा तिथे उगाच बसवलेला नव्हता. तो टर्बोसाठी नव्हताच मुळी. टर्बोच्या शेजाऱ्यांसाठी होता.

हीट शील्डबद्दलचा पहिला गैरसमज हाच. आपल्याला वाटते, शील्ड लावले की टर्बो 'थंड' राहील, गाडी पळेल, पॉवर वाढेल. पत्र्याने टर्बो थंड होत नाही. पत्रा फक्त वायरी, पाइप, ब्रेक फ्लुइडची बाटली, बॅटरी, बॉनेटचा रंग यांना टर्बोच्या झळांपासून वाचवतो. पॉवरचे म्हणाल तर इंजिनमध्ये जाणारी हवा थोडी कमी तापली तर थोडा फायदा, तोही रस्त्यावर जाणवेल इतका नाही.

चौथा घात

मराठी माध्यमातून आलेल्यांना आठवत असेल, शाळेत उष्णता पसरण्याचे तीन प्रकार पाठ केले होते: वहन, अभिसरण आणि प्रारण. चुलीवरचा तवा तापतो ते वहन, दूध उकळताना वर-खाली फिरते ते अभिसरण, आणि शेकोटीपासून चार हात लांब बसूनही तोंड भाजते ते प्रारण. टर्बोच्या बाबतीत सगळ्यात जास्त त्रास देते ते हे तिसरे.

छोट्या डिझेल गाडीचे एक्झॉस्ट वायू पूर्ण लोडवर साधारण ७०० अंश सेल्सियसच्या आसपास जातात. टर्बो-पेट्रोलमध्ये तर साडेनऊशेच्या घरात. म्हणजे आजच्या एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या टर्बो-पेट्रोल गाड्यांना हा विषय डिझेलपेक्षाही जास्त लागू पडतो. आता थर्ड इयरला शिकलेले आठवा. प्रारणाने बाहेर पडणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आदर्श काळ्या पृष्ठभागाचा हिशोब केला तर ३५० अंशांना दर चौरस मीटरमागे सुमारे ८.५ किलोवॉट येतात आणि ७०० अंशांना सुमारे ५१ किलोवॉट. सेल्सियसमध्ये तापमान दुप्पट झाले, उष्णता सहापट झाली! टर्बाइनच्या बिडाच्या कवचाची इमिसिव्हिटी ०.८ धरा आणि त्याचा तीन तळहातांएवढा भाग ७०० अंशांना पोहोचला असे समजा. बाराशे वॉट होतात. रेक्टर सरांनी आमच्या विंगेतून जप्त केलेली कॉइलची शेगडी साधारण एवढीच होती. ती शेगडी बॉनेटखाली वायरींच्या शेजारी ठेवली आहे अशी कल्पना करा, म्हणजे त्या पत्र्याचे महत्त्व पटेल.

आता दोन पृष्ठभागांच्या मध्ये चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा एक पत्रा धरा, इमिसिव्हिटी ०.०५. वहीतला फॉर्म्युला वापरला तर पलीकडे जाणारे प्रारण सत्ताविसाव्या भागावर येते. कागदावर हं! प्रत्यक्षात त्या पत्र्यावर धूळ बसते, तेलाचे शिंतोडे उडतात, तो काळवंडतो आणि गरम हवाही त्याला वळसा घालून जाते. तरीसुद्धा फायदा खूप मोठा राहतो. इस्रोच्या उपग्रहांना सोनेरी दिसणारे आवरण गुंडाळतात ते याच तत्त्वावर. मॅकलॅरेन एफ-१ या १९९० च्या दशकातल्या गाडीच्या इंजिनाच्या कप्प्याला तर आतून खरोखरच सोन्याचा पातळ वर्ख लावला होता, कारण सोने प्रारण फार चांगले परतवते. आपल्याला सोने परवडत नाही, म्हणून कंपनी दोन थरांचा, खळगे पाडलेला पत्रा देते.

हा फॉर्म्युला मी परीक्षेत आठ मार्कांना लिहिला होता. आठपैकी सात मिळाले. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही पुढचा पराक्रम केला.

आमचा पराक्रम

मूळ शील्ड मागवायला आठवडा लागेल असे कळले. शेठला धीर कुठला? आम्ही नाना पेठेत गेलो. तिथे एका दुकानात टर्बो ब्लँकेट मिळाले. बाहेरून चंदेरी, आतून फायबर भरलेले, दिसायला एकदम रेसिंग. पत्र्यापेक्षा भारी दिसते म्हणून पत्र्याऐवजी तेच घेतले. दुकानदार काका प्रामाणिक होते. त्यांनी सांगितले, "पहिले पंधरा-वीस मिनिटं धूर येईल, वास येईल. घाबरू नका, आतलं बाइंडर जळतं." हे वाक्य खरे होते. पण हेच वाक्य पुढे आमच्या अंगाशी आले.

रात्री साडेनऊला काम सुरू केले, कारण दिवसा लेक्चर. ब्लँकेट टर्बाइनच्या गरम बाजूवर बसवायचे असते. टर्बोच्या मधल्या भागात बेअरिंग असते, तेलावर तरंगत मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा शाफ्ट असतो. तो भाग उघडा ठेवायचा असतो, कारण त्याला स्वतःची गरमी बाहेर टाकायची असते. हे आम्हाला माहीत नव्हते. मी टॉर्च धरून सांगत होतो, "अजून आत ढकल, जेवढं झाकू तेवढं चांगलं!" ढकलताना तेलाची बारीक नळी आडवी येत होती, म्हणून तिचा बोल्ट सैल केला, ब्लँकेट सरकवले आणि तोच जुना तांब्याचा वॉशर ठेवून बोल्ट परत आवळला. नवा वॉशर दहा-वीस रुपयांना मिळतो. पण रात्री साडेदहाला कोण आणणार?

सकाळी गाडी चालू केली. धूर आला, वास आला. काकांनी सांगितलेच होते! मग शेठने ऑनलाइन मागवलेली इन्फ्रारेड थर्मामीटरची गन काढली, ब्लँकेटच्या चंदेरी पृष्ठभागावर लाल ठिपका धरला. आकडा आला ६२. टर्बोवर फक्त ६२ अंश! पार्किंगमध्ये टाळ्या पडल्या. फोटो निघाले, स्टेटसला गेले.

ती गन आम्हाला चक्क खोटे सांगत होती. म्हणजे गनची चूक नव्हती, आमची होती. स्वस्तातली गन समोरच्या पृष्ठभागाची इमिसिव्हिटी ०.९५ आहे असे गृहीत धरून आकडा दाखवते. चकचकीत पृष्ठभाग स्वतः फारच कमी प्रारण सोडतो आणि आजूबाजूचे परावर्तित करतो. त्यामुळे गन पत्र्याचे तापमान न सांगता बहुतांशी आसपासच्या भिंतीचे सांगते. नंतर आम्ही त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर उष्णतारोधक काळ्या रंगाचा एक ठिपका देऊन तो तापवला. काळ्या ठिपक्यावर १७० च्या पुढे आकडा आला आणि बोटभर अंतरावर चंदेरी भागावर साठच्या आसपास. तुकडा एकच, आच एकच. इमिसिव्हिटीची व्याख्या मला पाठ होती. टाळ्या वाजवताना ती आठवली नाही एवढेच.

पसरणी घाट

दोन दिवसांनी शनिवारी शेठच्या गावची जत्रा होती. आम्ही चौघे निघालो. वाईला त्याची आजी बहिणीकडे आलेली होती, तिला बरोबर घेतले. आजी मागे मधे बसली, मांडीवर पिशवी. वाईतच कसला तरी जळका वास येत होता. मी म्हणालो, "बाइंडर असेल रे, काकांनी सांगितलं नव्हतं का?" पंधरा-वीस मिनिटांचे बाइंडर तिसऱ्या दिवशी कसे जळेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट तुम्हाला माहीत असेल. दुसरा गिअर, पाच माणसे, पुढे रेंगाळणारा टेम्पो. इंजिनावर लोड पूर्ण आणि गाडीचा वेग इतका कमी की बॉनेटखाली वारा जवळजवळ नाही. टर्बोसाठी याहून वाईट परिस्थिती शोधून सापडणार नाही. अर्ध्या चढावर बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. पांढरा नव्हे, निळसर काळा.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, उतरलो. आणि मी धावत जाऊन बॉनेट पूर्ण उघडले. तीही चूकच. बॉनेट उघडले की आत हवा मिळते. धुमसत असलेल्या ब्लँकेटने वीतभर ज्वाळ धरली.

झाले होते असे: जुन्या वॉशरमधून तेल थेंबथेंब झिरपत होते, आणि ते फायबर ब्लँकेट दोन दिवस ते तेल स्पंजसारखे पीत होते. फायबर स्वतः जळत नाही. पण तेलात भिजलेले फायबर म्हणजे दिव्याची वात. ठिणगी कुठून आली, असे आम्हाला घरच्यांनी विचारले. ठिणगीची गरजच नसते. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग का नसतो, हे आपण वायवामध्ये घडाघडा सांगतो. पुरेसे तापलेले काहीही तेल पेटवते.

आम्ही रस्त्याकडेची कोरडी माती दोन्ही हातांनी टाकत होतो. मागून आलेल्या ट्रकचे ड्रायव्हर मामा लाल सिलिंडर घेऊन धावत आले आणि त्यांनी दहा सेकंदांत ती आग विझवली. वायरिंगची एक जुडी, दोन पाइप, ब्लँकेट आणि बॉनेटच्या आतले आवरण एवढे गेले. दुरुस्तीला साडेअकरा हजार लागले, ते आम्ही चौघांनी वाटून घेतले. शेठच्या वडिलांनी आम्हाला एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

मला त्या दिवसातली एक गोष्ट सगळ्यात जास्त आठवते. आम्ही चौघे टाणकन उड्या मारून उतरलो होतो. आजीला मधल्या सीटवरून सरकून, पिशवी सांभाळत, गुडघे धरत बाहेर यायला मिनिटभर लागले. तेवढा वेळ आम्ही सगळे बॉनेटपाशी होतो. तिच्यापाशी कोणीच नव्हते. आज हे लिहितानाही मला त्या एका मिनिटाची लाज वाटते.

टपरीवरचा धडा

परत आल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. समोर बघतो तर काकांच्या शेगडीमागे लाकडी फळी आणि फळीवर ठोकलेला डब्याचा पत्रा! इतकी वर्षे तिथे चहा पितोय, कधी पाहिले नव्हते. पत्रा फळीला चिकटवलेला नव्हता. प्रत्येक खिळ्यात दोन-दोन नट ओवून बोटभर फट ठेवली होती. विचारले तर काका म्हणाले, "आधी चिकटवूनच ठोकला होता. आतून फळी काळी पडली. मग फट ठेवली. आता वारं खेळतं मधून."

काकांनी हीट ट्रान्सफरचा पेपर दिलेला नाही. पण त्यांनी फळी काळी पडलेली पाहिली, आणि गरमी कुठे जाते हे स्वतःला विचारले. पत्रा फळीला चिकटला की वहनाने उष्णता सरळ आत जाते. मधे फट असली की पत्रा प्रारण अडवतो आणि त्याला लागलेली उष्णता वारा घेऊन जातो. कंपनीचे शील्डही टर्बोला चिकटलेले नसते, थोड्या अंतरावर उभे असते, ते यासाठीच.

ब्लँकेटचे तसे नाही. ते चिकटून बसते आणि उष्णता आत कोंडते. रेसिंगमध्ये हे मुद्दाम करतात, एक्झॉस्टची ऊर्जा टर्बाइनसाठी राखून ठेवायला. पण त्याची किंमत म्हणून टर्बोचे कवच नेहमीपेक्षा जास्त तापते, मॅनिफोल्डला तडे जाण्याची शक्यता वाढते आणि थोडी जरी तेलगळती असली तरी काय होते ते वर सांगितलेच. रेसच्या गाडीचे ब्लँकेट दर रेसनंतर कोणीतरी तपासतो. आपण गाडी धुवायलाही पावसाची वाट बघतो!

मग लावायचे कसे?

अनुभवाने शहाणे होऊन, पुस्तके उघडून आणि आपल्या वर्कशॉपमधल्या असिस्टंट काकांचे बोलणे खाऊन जे शिकलो ते थोडक्यात लिहितो.

पहिले म्हणजे, कंपनीचा मूळ भाग मिळत असेल तर तोच घ्या. शेठच्या गाडीचे मूळ शील्ड नव्या बोल्टांसकट आमच्या ब्लँकेटच्या निम्म्या किमतीत आले. बाहेरचे शील्ड तेव्हाच, जेव्हा मूळ मिळतच नाही. तेव्हाही ब्लँकेट नको, पत्र्याचे, फट ठेवून उभे राहणारे शील्ड बघा. टर्बोच्या अगदी जवळ असेल तर स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेले पोलाद. नुसते अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे घरातली फॉइल गुंडाळण्याची आयडिया ज्याच्या डोक्यात असेल त्याने ती पराठ्यांसाठी राखून ठेवावी.

दुसरे, काम रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, दिवसाउजेडी करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सैल करणारे तेल मारा, नाहीतर बोल्टचे डोके हातात येते आणि उरलेला भाग मॅनिफोल्डमध्ये राहतो. कुठलेही फायबर हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, त्याची कुसळे त्वचेत आणि घशात जातात.

तिसरे, पत्र्याला वाढायला जागा ठेवा. ३० सेंटिमीटर लांबीचा साध्या पोलादाचा पत्रा ५०० अंशांनी तापला तर साधारण १.८ मिलिमीटर वाढतो. भोक बोल्टाच्या अगदी मापाचे केले तर पत्रा एक तर वाकतो, नाहीतर भोकापाशी फाटतो, आणि मग पुन्हा तीच खर्रर्र. म्हणून एका बाजूचे भोक लांबट ठेवतात आणि रुंद वॉशर वापरतात.

चौथे, तेलाची किंवा डिझेलची कुठलीही नळी सैल केली तर वॉशर नवा. आणि गळती असेल तर आधी गळती बंद करा, शील्डचे नंतर बघू.

पाचवे, मोजा. पण काय मोजताय ते समजून मोजा. चकचकीत भागावर काळा ठिपका द्या किंवा के-टाइप थर्मोकपल वापरा. टर्बोचे तापमान मोजून काही कळणार नाही, शेजारच्या वायरीचे मोजा, आधी आणि नंतर. शील्ड कोणासाठी लावले? तिच्यासाठी. गाडी बंद केल्यावरही दहा मिनिटे मोजत राहा. वारा थांबतो, कूलंट फिरायचे थांबते, आणि बॉनेटखालचे तापमान आधी वर जाते, मग उतरते. घाट चढून आल्यावर मिनिटभर आयडलिंग करून मगच इंजिन बंद करावे असे जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच. नाहीतर थांबलेल्या टर्बोत तेल जळून त्याचा कोळसा होतो.

आणि शेवटचे, गाडीत एक छोटे अग्निशामक ठेवा. धूर दिसला तर इंजिन बंद, आधी सगळी माणसे बाहेर आणि लांब. वयस्कर माणूस असेल तर त्याला हात देऊन. बॉनेट पूर्ण उघडायचे नाही. ज्वाळा दिसत असतील तर गाडीचा नाद सोडा. गाडी लोखंडाची आहे.

कायद्याचेही एक वाक्य. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यावर बंधन घालते. खराब झालेले शील्ड बदलून तसेच शील्ड लावणे ही दुरुस्ती झाली. पण त्या निमित्ताने आणखी काय काय करायला आपण बसतो ते आपल्यालाच ठाऊक असते. आग लागल्यावर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा तेच शोधणार.

सरांना एक विनंती

आता थोडे मोठ्यांशी बोलतो. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा.

आपल्या हीट ट्रान्सफर लॅबमध्ये थर्मोकपल आहेत, इमिसिव्हिटी मोजण्याचा सेटअप आहे. त्यावर आम्ही प्रॅक्टिकल केले आहे. खरे सांगायचे तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून काढले आहे. तिथून दोनशे पावलांवर पार्किंग आहे, जिथे आम्ही तोच विषय मोबाईलच्या टॉर्चवर, जुन्या वॉशरवर आणि माझ्यासारख्याच्या सल्ल्यावर शिकत होतो. या दोनशे पावलांचे अंतर कमी करता येणार नाही का?

मागणी मोठी नाही. शनिवारी दुपारी दोन तास वर्कशॉप उघडे ठेवावे. ज्याला स्वतःच्या गाडीवर काम करायचे असेल त्याने आदल्या दिवशी एका कागदावर लिहून द्यावे: काय करणार, का करणार, गरमी किंवा भार किंवा करंट पूर्वी कुठे जात होता आणि आता कुठे जाणार. सर किंवा असिस्टंट काका तो कागद वाचतील, 'हो' किंवा 'नाही' म्हणतील. आमचा कागद वाचला असता तर काकांनी एका मिनिटात विचारले असते, "मधला भाग का झाकताय? वॉशर नवा आणलाय का?" दोन प्रश्न. बास.

सर म्हणतील, मुलांना हात भाजला तर जबाबदारी कोणाची? प्रश्न बरोबर आहे. मुलांच्या हातात पाने दिले की काहीतरी होणारच, आणि झाले तर पालक सरांनाच विचारणार, मला नाही. पण सर, हात आत्ताही भाजतात. फक्त ते पार्किंगमध्ये भाजतात, जिथे फर्स्ट एडची पेटी नाही, अग्निशामक नाही आणि रात्री साडेदहाला रागवायलाही कोणी नाही. आपली बाजाची टीम गाडी बनवते तेव्हा ड्रायव्हर आणि इंजिनाच्या मधे फायरवॉल लागते, अग्निशामक लागते, तपासणीत नापास झाले तर गाडी ट्रॅकवर जात नाही. नियम आहेत म्हणून ती मुले सुरक्षित आहेत. बाजाच्या टीममध्ये पंचवीस जण, बाकीच्या आम्ही सगळ्यांनी काय करावे?

आणि मित्रांनो, कॉलेजने ऐकले नाही तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे. शील्ड असो, हेडलाइटचा जादा वॅटचा बल्ब असो, नाहीतर रूममध्ये एका बोर्डावर लावलेल्या तीन इस्त्र्या असोत. "काही होत नाही रे" म्हणण्याआधी एवढेच विचारायचे: हे आता कुठे जाणार? उष्णता नाहीशी होत नाही, हे आपण पहिल्या वर्षापासून लिहितो आहोत. कुठे जाते ते शोधायचे काम पेपर संपला तरी शिल्लक राहते.

शेठच्या गाडीला आता मूळ शील्ड आहे, नवे बोल्ट, नवा वॉशर, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली छोटे लाल सिलिंडर. खडखड बंद आहे. मागच्या महिन्यात आजीला पुन्हा वाईहून घेऊन घाट चढलो. वर पोहोचल्यावर शेठ मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसला. आजीने विचारले, "का रं, उतरायचं न्हाई का?"

या वेळी आधी आजीला हात देऊन उतरवले, मग इंजिन बंद केले.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी